विहिरीकडची वाडी आणि नऊ फेऱ्यांची झेप

मी, प्लासिड मार्सेल मच्याडो, वय वर्षे चव्वेचाळीस, शिक्षण बी. ए. (दुसरा वर्ग), धंदा बँकेत नोकरी, राहणार सांडोर, तालुका वसई, जिल्हा ठाणे, देवाला स्मरून आणि कोणाच्याही सांगण्याशिवाय हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. असे प्रत्येक मृत्युपत्रात असतेच, म्हणून पुरावा देतो : आज सकाळी मी एकोणीसचा पाढा उलटा म्हणून पाहिला आणि एकदाच अडखळलो. शरीरही धड आहे, डाव्या खांद्याचे हाड सोडून. ते गेल्या ऑगस्टात पापडीच्या वळणावर मोडले. मी सायकलवर होतो, समोर म्हैस होती आणि चूक माझी होती. पंधरा वर्षे बिनब्रेकच्या सायकलीवर शर्यती मारून मी कधी हाड मोडून घेतले नाही. दोन ब्रेक असलेल्या सायकलीने ते काम केले.

सहा आठवडे पाठीवर पडून होतो. तेवढ्यात माणसाला आपले काय काय आहे ते आठवते, आणि आपले काय नाही तेही. या मृत्युपत्राचे खरे कारण एकच आहे. विहिरीकडची वाडी सातबारावर माझ्या नावे होती, आणि ती माझी आहे असे मला मनातून कधी वाटले नाही. ती माझी थोरली बहीण रेजिना हिला पोचायला हवी होती, आणि का हवी होती हेही लोकांना कळले पाहिजे. त्याविषयी कलम ६ मध्ये. आधी सोपी कलमे उरकतो.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हा तिसरा मसुदा. पहिला मीच फाडला. दुसऱ्याचे काय झाले तेही कलम ६ मध्ये येईल.

कलम १. राहते घर, पुढची पडवी, कौले आणि कौलांखालचे सर्व सामान माझी पत्नी हेलन हिचे. ती प्राथमिक शाळेत शिकवते आणि घरी आल्यावरही थांबत नाही. तिच्या पश्चात घर आमची मुलगी क्लेमेंटीन हिचे. मागची खोली या कलमात धरलेली नाही. ती राहून गेलेली नसून मुद्दाम वगळली आहे.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते हेलनचे. आकडा तिला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे.

कलम ३. शर्यतीची सायकल क्लेमेंटीनला. या सायकलीला ब्रेक नाही आणि फ्रीव्हीलही नाही. चाक फिरते तोवर पायडल फिरते. पाय थांबवले तर ती स्वाराला उचलून पुढे टाकते. हे मी दर सणाला पाहुण्यांना समजावून सांगतो आणि दर सणाला एक तरी पाहुणा अंगणात लोळतो. सायकल भिंतीला टांगू नये. चर्चच्या सभागृहात काचेच्या कपाटात ठेवायला मागतील, देऊ नये. क्लेमेंटीनला चालवायची नसेल तर जो चालवील त्याला द्यावी. तिचे टायर रिमला चिकटवलेले असतात, ते दर सहा महिन्यांनी नव्याने चिकटवावेत. ही अट मोडल्यास कोर्टात जाण्याची गरज नाही, सायकल स्वतः बघून घेईल.

कलम ४. आऱ्या ताणायची चावी, चेनची पिन काढायचे हत्यार, चार पाने आणि हातपंप हे फर्डिनंड डायस, राहणार पापडी, याला. फर्डिनंड हा माझा शर्यतीतला प्रतिस्पर्धी आणि त्यापायी झालेला मित्र. पैकी पंप त्याचाच आहे. तो मी १९६९ साली एका दिवसासाठी आणला होता. परत देणार होतो. पण त्याने दुसऱ्याच दिवशी चारचौघांत मागितला, म्हणून दिला नाही. हा माझा हट्ट होता. पंपाचे वॉशर मात्र मी तीनदा बदलले आहे, याची नोंद व्हावी.

फर्डिनंड प्रत्येक लग्नात दुसऱ्या पेल्यानंतर एक वाक्य बोलतो : "बहात्तर साली मी ह्याला जाऊ दिला, म्हणून हा जिंकला." चौदा वर्षे मी ते हसण्यावारी नेले. तो बहुतांशी खरे बोलत होता. त्याच्या तोंडावर हे कबूल करण्याइतका मी अजून मोठा झालेलो नाही, म्हणून येथे करतो.

कलम ५. पदके. माझी पहिली शर्यत गावच्या सणातली, सोळाव्या वर्षी, सावकाश सायकल चालवण्याची. जो शेवटी पोचेल तो पहिला. मी ॲल्युमिनियमचा डबा जिंकलो. फर्डिनंडला सावकाश जाणे तेव्हाही जमत नसे, तो सर्वांत आधी पोचून सर्वांत शेवटचा ठरला. पुढे वाडीतली केळी बाजाराला न्यायचे काम माझ्याकडे आले. मागे दोन घड, पुढे एक, आणि उशीर झाला तर बाबांचा आवाज. माझे पाय तिथे तयार झाले. लोक म्हणतात तसे कुठल्या शिस्तीने नव्हे.

१९६७ ते १९७३ मध्ये मी पाच वेळा राज्य विजेता झालो. चार पदके चार हजार मीटरच्या पाठलागाची. त्यात दोन स्वार मैदानाच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात आणि एकमेकांना गाठायला बघतात. इथे सोबतीला कोणी नसते, म्हणून फसवता कोणालाच येत नाही. ही शर्यत माझ्या स्वभावाला मानवली. त्र्याहत्तर साली देशपातळीवर रुपेरी पदक मिळाले. सोनेरी ज्याला मिळाले तो माझ्याहून वेगवान होता, त्यात दुसरे काही शोधू नये. प्रत्येक शर्यतीला रेजिनाबायने वाळवलेली सुकेळी माझ्या खिशात असत. बँकेतली नोकरीही मला पदकांमुळेच लागली.

राज्याची पदके पाच. त्यांतली चार माझी आहेत. ती आणि रुपेरी क्लेमेंटीनला द्यावीत.

कलम ६. वाडी. हे कलम लांब आहे. घरची बोली कोर्टाला कळणार नाही, म्हणून सर्वांचे बोलणे साध्या मराठीत लिहिले आहे.

पाचवे पदक वीस किलोमीटरचे. रविवार, १३ फेब्रुवारी १९७२, मुंबईतले एक मैदान, गवतावर चुन्याने आखलेला चारशे मीटरचा ट्रॅक. पन्नास फेऱ्या, बावीस स्वार एकदम सुटणार, शेवटची रेघ जो पहिला ओलांडेल तो विजेता. शेवटच्या फेरीला घंटा होते. माझा बेत असा, की घंटेआधीच, दोन फेऱ्या उरल्या असताना, सगळे घंटेची वाट बघत असतील तेव्हा निसटायचे. उरलेल्या फेऱ्या एक गृहस्थ पाटीवर खडूने लिहीत, पण गर्दीत हँडलवर वाकलेल्या स्वाराला ती पाटी क्वचित दिसे. म्हणून रेजिनाबायला ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूला उभे केले, हातात लाल फडके देऊन.

मोजायचे कसे, ही युक्ती माझी. आमच्या ख्रिस्ती जपमाळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग, म्हणजे पन्नास. मी तिला म्हटले, "बाय, एक फेरी, एक मणी. भागांमधले मोठे मणी सोडून दे. अठ्ठेचाळीस झाले की फडके हलव." मी बी. ए. होतो. मला ही युक्ती फार सुंदर वाटली.

फडके हलले. मी झेप घेतली. रेघेवरून गेलो तेव्हा पुढे कोणी नसल्याने पाटी स्वच्छ दिसली. पाटीवर आठ होते.

म्हणजे नुकती संपलेली फेरी धरून नऊ फेऱ्या उरल्या असतानाच मी निसटलो होतो. त्या क्षणी मी कोणताही डाव आखला नाही. मला फक्त एवढेच दिसले, की आता परत मागे गेलो तर फर्डिनंड हे लग्नालग्नांत सांगत सुटेल. मागे सगळ्यांनी मला वेडा ठरवला होता. फर्डिनंड ओरडला, "जाऊ द्या त्याला, दमेल!" ते त्याचे ऐकून थांबले. मी दमलोही, पण साडेतीन हजार मीटर एकट्याने जाणे हा माझ्या नेहमीच्या शर्यतीचाच प्रकार होता. दीड सायकलीच्या अंतराने जिंकलो.

वर्तमानपत्राच्या माणसाने विचारले, "नऊ फेऱ्या आधी? ठरवून?"

मी म्हणालो, "ठरवून."

रेजिनाबाय टॉवेल घेऊन शेजारी उभी होती. तिने मान खाली घातली. संध्याकाळी ती काहीतरी सांगायला आली, तेव्हा मी म्हणालो, "झालं ते झालं, बाय. बोलू नको." हे मी दमलो होतो म्हणून म्हणालो, की खोटे उघडे पडेल म्हणून, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दमलो होतो हेही खरे आहे. पण दमणे हे कारण नव्हते.

ते वाक्य छापून आले. बाबांनी ते पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवले. "पाय काय, बैलालाही असतात," ते म्हणत. "हे डोकं आहे. वाडी डोक्यानं चालते." तोपर्यंत घरात नेहमी बोलले जाई, की विहिरीच्या अलीकडचे रेजिनाचे, पलीकडचे प्लासिडचे. बायने लग्न केले नव्हते, आणि पंधराव्या वर्षापासून केळी, भाजी, पाणी सगळे तीच बघत होती. १९७४ साली बाबांनी सगळी वाडी माझ्या नावे करून दिली. मी गप्प बसलो. तीही गप्प बसली. तीन वर्षांनी बाबा गेले.

ती वाडी राखते, मी बँकेत जातो. मी वाडीत किती वेळा जातो हे रोजनिशीवरून काढले. गेल्या वर्षी अकरा दिवस, त्यांपैकी चार दिवस पाहुण्यांना विहीर दाखवायला.

दर रविवारी मी सायकल क्लबच्या पोरांना शर्यतीचे शिक्षण देतो. त्यांना नऊ फेऱ्यांची झेप हे खास तंत्र म्हणून शिकवले. बारा वर्षांत ते एकालाही जमलेले नाही. दोघे उलटी होऊन ट्रॅकबाहेर गेले. हे तंत्र या कागदाने रद्द करीत आहे. क्लबच्या फलकावर ते मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. पुसायला सांगितले आहे.

आता दुसरा मसुदा. त्यात मी हे सर्व लिहून, माझ्या मृत्यूनंतर वाडी रेजिनाला द्यावी, असे म्हटले होते. साक्षीदार म्हणून एक सही तिची ठरवली होती, कारण त्या दिवशी खरे काय घडले हे जाणणारी ती एकटीच. गेल्या महिन्यात एका रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर माझे कॉलेजातले मित्र आणि वकील नरहरी चुरी पडवीत बसून तो वाचू लागले. बाय वालाच्या शेंगा सोलत होती.

"थांबा," ती म्हणाली. "हे काय लिहिलंय? याने माझं श्रेय लाटलं?"

"लाटलंच ना, बाय," मी म्हणालो.

"वेडा की काय तू? तू तर मला वाचवलंस."

नरहरींनी चहाचा कप खाली ठेवला.

"माझ्या पुढ्यात दोघं पडले त्या दिवशी," बाय सांगू लागली. "एकाचं बनियन तुझ्यासारखंच. मला वाटलं, तूच. तू तर पुढे निघून गेलेलास, दिसलास मला, पण छातीची धडधड थांबेना. हातात माळ. माळ हातात असल्यावर माणूस करील काय? तोंड चाललं, बोटं चालली. नमो मरिया, नमो मरिया. भानावर आले तर मणी कुठल्या कुठे गेलेला. मोजले, अठ्ठेचाळीस. फडकं हलवलं. तू सुटलास आणि मग मला पलीकडची पाटी दिसली. सात मणी जास्त!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"आले होते ना सांगायला! तू म्हणालास, झालं ते झालं, बोलू नको. मी समजले, भावाने माझी चूक पोटात घातली. पेपरवाल्यापुढे झाकली, बाबांपुढे झाकली. छाती फुटून मेला असतास माझ्यापायी. मी फादरकडे पापनिवेदनालासुद्धा गेले."

"फादर काय म्हणाले?"

"हसले. सात प्रार्थना जास्त झाल्या, त्या काही वाया जात नाहीत म्हणाले. प्रायश्चित्तच देईनात. मग माझं मीच घेतलं. वाडीविषयी कधी तोंड उघडलं नाही."

"चौदा वर्षं माझी समजूत होती," नरहरी म्हणाले, "की तुमच्या दोघांपैकी एकाला तरी अक्कल आहे."

आम्ही तिघेही हसलो. मी मात्र अर्धवटच हसलो. मी चोरी केली होती, आणि तिने ती उपकार म्हणून जपून ठेवली होती. आणि त्याची फेड म्हणून माझीच वाडी शिंपत राहिली होती.

मग नरहरींनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा कायदा बोलतात. "एक अडचण आहे. जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेला कायदा तसा आहे. रेजिनाबायने सही केली, की वाडी द्यायचं कलम बाद. वाडी हवी तर सही दुसऱ्या कोणाची तरी."

मी फर्डिनंडचे नाव सुचवले.

"फर्डिनंड?" बायच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. "तो तिथे हँडलमध्ये तोंड घालून बसलेला. त्याने काय बघितलं? बघितलं मी. हलवलं मी. हे खरं आहे असं खाली लिहायचं असेल तर सही मी करणार."

"वाडी जाईल, बाय."

"जाऊ दे. पाणी मीच घालते ना? तुझा सातबारा काय केळीला पाणी पाजतो?"

नरहरी म्हणाले, नीट विचार करा. ती म्हणाली, "विचार तुम्ही शिकलेल्यांनी करा," आणि शेंगा वेचू लागली.

मी तीन दिवस विचार केला. खरे लिहून ठेवावे तर तिची वाडी जाते, वाडी द्यावी तर तिची साक्ष जाते. दोन्ही तिची, आणि दोन्ही इतकी वर्षे मी अडवून ठेवलेली. चौथ्या दिवशी हेलन पोरांच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुम्ही मरेपर्यंत तिने थांबायचंच का?"

"म्हणजे?"

"म्हणजे आत्ताच द्या की. ती सत्तेचाळीस, तुम्ही चव्वेचाळीस. ती आधी गेली तर हा तुमचा कागद कोणाला वाचून दाखवणार? मला?"

हे मला का सुचले नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. उत्तर आवडण्यासारखे नाही. मृत्युपत्राने दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचे काहीच जात नाही. मरेपर्यंत मालक राहायचे आणि मेल्यावर उदार व्हायचे, असा माझा बेत होता, आणि त्यालाच मी प्रामाणिकपणा समजत होतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर रोजी वसईला जाऊन मी विहिरीकडची संपूर्ण वाडी, अलीकडची आणि पलीकडची, तसेच ती राहते ती घराची मागची खोली, बक्षीसपत्राने रेजिनाच्या नावे नोंदवून दिली. ती अर्धीच घ्यायला तयार होती. पलीकडच्या अर्ध्यावर आमचे भांडण रस्ताभर चालले. मी म्हटले, बाबांनी ती डोक्यासाठी दिली होती आणि डोके काही निघाले नाही. तेव्हा तिने ऐकले. कचेरीतल्या एका उमेदवार कारकुनाने विचारले, "लग्न नाही, मूलबाळ नाही, मग तुमच्यानंतर ही जमीन कोणाला?" बाय म्हणाली, "तुम्हाला नाही, एवढं आताच सांगते." तलाठ्याकडे फेरफाराचा अर्जही दिला आहे. पाचवे पदक मी त्याच दिवशी तिच्या हातात दिले. ते तिने कुठे ठेवले हे मी विचारलेले नाही.

सबब, या मृत्युपत्राने माझी बहीण रेजिना हिला काहीही मिळत नाही. यावरून मी तिला डावलले, असे कोणी समजू नये.

कलम ७. रोजनिशा, एकूण सव्वीस, हेलनला. तिने वाचाव्यात, शुद्धलेखन सुधारू नये. १३ फेब्रुवारी १९७२ च्या पानावर "ठरल्याप्रमाणे नऊ फेऱ्या आधी सुटलो" असे आहे. ती वही माझ्याशिवाय कोणी वाचत नव्हते, तरी मी तिच्यात खोटे लिहिले. कोणाला फसवत होतो, हे अजून उमगलेले नाही. ते वाक्य खोडलेले नाही. समासात आजची तारीख घालून खरे काय ते लिहिले आहे.

कलम ८. अंत्यविधी. शवपेटीवर कप ठेवू नयेत, गडगडतात. फर्डिनंडला दोन शब्द बोलू द्यावेत आणि त्याला "मी ह्याला जाऊ दिला" हे वाक्य म्हणू द्यावे. त्यानंतर मात्र हेलनने घड्याळाकडे पाहावे. क्लबच्या पोरांनी काळ्या फिती लावून सायकली हातात धरून चालू नये. सायकल आहे तर बसावे.

कलम ९. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम नरहरी चुरी यांनी करावे. त्यांना या मृत्युपत्रातून काहीच ठेवलेले नाही, कारण त्यांनाही सही करायची आहे. त्यांचा चहा हेलनने चालू ठेवावा. तो कायद्याने देणगीत मोडत नाही, असे त्यांचेच मत आहे.

हा कागद मी एकट्याने लिहिला, दोन्ही साक्षीदारांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत आपापल्या सह्या केल्या. कलम ६ वाचताना एका साक्षीदाराने मला दोनदा थांबवून दुरुस्ती करायला लावली. दोन्ही दुरुस्त्या बरोबर होत्या.

ठिकाण : सांडोर, वसई
तारीख : ९ नोव्हेंबर १९८६, रविवार

(सही) प्लासिड मार्सेल मच्याडो

साक्षीदार :

१. (सही) नरहरी गणपत चुरी, वय ४५, राहणार पापडी. धंदा : वकिली.

२. (सही) रेजिना मार्सेल मच्याडो, वय ४७, राहणार सांडोर. धंदा : शेती, स्वतःची.